ताकुमा हिराइवा हो म्हणाला

सुनाझाकात दाढी करून घ्यावी ती हिराइवांच्या सलूनमध्ये. खुर्ची मागे कलली, गरम टॉवेल तोंडावर आला, की बंदरावर बेंबीच्या देठापासून ओरडून मासळीचा लिलाव करणारा ओइकावासुद्धा लहान मुलासारखा घोरायला लागायचा. जाग आली की आरशात गाल चोळत म्हणायचा, "काय मास्टर, परत झोपवलंत!" ताकुमा हिराइवा नुसता हसायचा आणि त्याच्या मानेवरचे केस झटकायचा.

ताकुमा बोलायला कमी. एका गिऱ्हाइकाने म्हटलं, यंदा बर्फ लवकर पडणार, तर हो. शेजारच्याने म्हटलं, कसला लवकर, चांगला उशिरा पडतोय बघा, तर तेही हो. आतल्या बाजूला टॉवेल पिळता पिळता त्याची बायको चिहारु म्हणायची, "कुणी येऊन सांगितलं ना, की आपल्याकडे सूर्य समुद्रातून उगवतो, तरी हा हो म्हणेल." सुनाझाका जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथे सूर्य समुद्रात बुडतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

या 'हो'मागे काय आहे ते गावात दोघींनाच माहीत होतं, चिहारुला आणि तिच्या आईला, फुमिएला. ताकुमा जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी झाली म्हणून शुभप्रसंगीचा तांबडा भात शिजवला होता. सेंदाईजवळच्या एका वस्तीत तो शाळेचा स्कर्ट घालून वाढला, आणि सत्ताविसाव्या वर्षापर्यंतचं त्याचं आयुष्य 'नाही' म्हणण्यात गेलं. नाही, हे माझं नाव नाही. नाही, मी कुणाची बहीण नाही. नाही, पुरुषांच्या दाराने चुकून आलो नाही, हेच माझं दार. शिक्षकांना, आईबापांना, दवाखान्यातल्या नर्सला सांगून सांगून जीभ झिजली. मग सरकारी नोंदीत 'पुरुष' लागलं आणि समोरचा माणूस काही न विचारता त्याला पुरुष धरून बोलायला लागला. तेव्हापासून ताकुमाने एकच चैन केली. कुणाला नाही म्हणायचं सोडून दिलं.

चिहारु त्याला केस कापायचं शिक्षण घेताना भेटली. तिचा बाप शिगेझो, सुनाझाकातला तिसऱ्या पिढीचा सलूनवाला. मुलीने सगळं काही न लपवता सांगितलं तेव्हा त्याने सिगारेट विझवली आणि विचारलं, "केस कापता येतात ना नीट? मग घरजावई म्हणून येत असेल तर ये म्हणावं." बाकी त्याने तेव्हाही काही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

पण घरजावई व्हायचं तर लग्नाची नोंद हवी, आणि त्यासाठी ताकुमा आधी कागदावर पुरुष व्हायला हवा. तेव्हाचा कायदा असा, की मूल होण्याची ताकद अंगात उरलेल्या माणसाला नोंद बदलून मिळायची नाही. पिशवी काढा, बीजकोश काढा, मग अर्ज करा. त्यातच शिगेझोच्या पोटात कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, "तुमची स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. थोडे महिने जातील, पण पुढेमागे कधी..." ताकुमाने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "सगळं काढा. मला त्यातलं काही नको." चिहारु शेजारीच बसली होती. तिनेही त्याला अडवलं नाही. सत्तावीस वर्षांची पोरं ती. बाप डोळे मिटायच्या आत लग्न लागावं, यापलीकडे दोघांना काही दिसत नव्हतं. लग्न लागलं. शिगेझोने जावयाच्या हातून एकदा दाढी करून घेतली, "हात हलका आहे," म्हणाला, आणि भातलावणीच्या आधी गेला.

मूल हवं हे दोघं एकमेकांना सांगत, पण पुढच्या वर्षीचं म्हणून. दुसऱ्याचं बीज घेऊन मूल होतं, त्याचा बाप म्हणून ताकुमाचंच नाव लागतं, हे त्यांना माहीत होतं. पण ते करणारी इस्पितळं लांब, मोठ्या शहरांत, खर्च झेपणारा नव्हता आणि सलून बंद ठेवून चालत नव्हतं. इकडे गावातल्या बाळांचं पहिलं जावळ मात्र ताकुमाच कापायचा. तिकडची रीत अशी, की ते पहिले मऊ केस जपून पाठवायचे आणि त्यांचा लिहायचा कुंचला करून घ्यायचा. बाळ चिहारुच्या मांडीवर, कात्री ताकुमाच्या हातात. चिहारु बाळाच्या टाळूवर ओठ टेकल्यासारखं करून फुंकर घालायची, म्हणजे ते दचकायचं नाही. बाळ आईकडे परत देताना तिचे हात जरा वेळ तसेच वाकलेले राहायचे.

मग सरकारने मूल न होण्यावरचे उपचार आरोग्यविम्यात घेतले. सुनाझाकाच्या शाळेत पहिलीचा वर्ग भरेना झाला होता, म्हणून नगरपालिकेने त्यावर कडी केली. विम्यातून उरेल ते आम्ही भरू. अट एकच, उपचार सुरू होताना बाईला त्रेचाळीस पूर्ण झालेली नसावीत. चिहारु तेव्हा एक्केचाळीसची होती.

"मास्टर, आता सगळं फुकट!" ओइकावा खुर्चीतून ओरडला. "तुम्ही फक्त हजर राहायचं!"

सलूनभर हसू फुटलं. ताकुमाही हसला. हो म्हणाला.

संध्याकाळी चिहारुने विषय काढला. "जाऊ या आपण."

"दुसऱ्याचं बीज त्यात बसतं का कुणास ठाऊक."

"डॉक्टरांना नीट सगळं सांगू. विचारल्याशिवाय कसं कळणार?"

शेजारच्या शहरातल्या दवाखान्यात गेले तेव्हा भात कापून झाला होता. त्या दिवशी डॉक्टर नव्हते, नुसत्या तपासण्या होत्या. चिहारुला रक्त द्यायला आत बोलावलं आणि ताकुमा बाहेर एकटा राहिला. एक पोक्त नर्स त्याच्याकडे आली. तिने त्याच्या हातात नमुन्यासाठी झाकणाची छोटी डबी ठेवली, आवाज खाली आणून म्हणाली, "डावीकडची खोली. घाई करायची नाही, दार आतून लागतं." जगातल्या कुठल्याही नवऱ्याला सांगावं तसं.

आणि ताकुमा हो म्हणाला.

खोलीत एक खुर्ची होती, हात धुवायचं भांडं होतं. ताकुमा खुर्चीवर बसून राहिला. उठून दार उघडायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण ती नर्स त्याच्याशी इतक्या सहज बोलली होती! थोड्या वेळाने तो बाहेर आला, रिकामी डबी पुढे करून म्हणाला, "आज जमलं नाही."

"अहो, होतं असं. मोठमोठे धटिंगण घाबरतात इथे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी घरून आणा."

गाडीत त्याने चिहारुला सांगितलं तेव्हा आधी ती खो खो हसली. "आत बसून केलंस काय तू?"

"हात धुतले."

मग तिचं हसू ओसरलं. "ताकुमा, मी सांगू का डॉक्टरांना?"

"नको. माझं मलाच सांगू दे. फोन करतो."

चार दिवसांनी जेवताना तिने विचारलं, "केलास फोन? सांगितलंस?"

ताकुमाने मिसो सूपची वाटी तोंडाला लावली होती. ती खाली न ठेवता तो म्हणाला, "हो."

त्याने फोन केला नव्हता. उद्या करू, मग बर्फ पडला की गर्दी कमी असेल तेव्हा करू. नंबर फिरवायचा आणि पलीकडून "बोला, हिराइवासान" असा बाईचा मोकळा आवाज आला की ठेवून द्यायचा, असं दोनदा झालं. तोवर चिहारुच्या तपासण्या चालू राहिल्या. नळ्या मोकळ्या आहेत का बघायला औषध सोडून फोटो काढला त्या दिवशी ती गाडीत पोटाशी पाय घेऊन पडली होती. बाहेर वायपर बर्फ लोटत होते. "चांगलं निघालं सगळं," ती म्हणाली. "माझ्याकडून काही अडचण नाही." ताकुमा पुढे रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. त्या हिवाळ्यात ती कॅलेंडरवर खुणा करी, पोटाला लोकरी पट्टा बांधी, थंड पाणी पीत नसे. आणि वाट बघत असे, की आता डॉक्टर दुसऱ्याच्या बीजाचं काय ते सांगतील.

बर्फ वितळला, शेतात पाणी सोडलं गेलं, आणि मग डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. चाळिशीचा, चष्मेवाला, सौम्य माणूस. "पत्नीचं सगळं उत्तम आहे," ते चिहारुकडे बघून म्हणाले. "अडलंय ते पतीच्या तपासणीवर. वेळ कमी आहे हो. घरून डबी आणली तरी चालेल, सिस्टर बोलल्याच असतील."

चिहारुने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा हिशेब दुसऱ्यांदा करून बघावा तसं बघितलं, आणि तिला कळलं.

ताकुमा म्हणाला, "नाही." परत म्हणाला, "नाही डॉक्टर. माझ्याकडे ते नाही. मी जन्माने बाई होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला. "हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत," ते म्हणाले, आणि मग फार हळुवारपणे सगळं समजावून दिलं. दुसऱ्याचं बीज विम्यात बसत नाही, कुणाच्याच बाबतीत नाही. इथे ते करतही नाहीत. करणारी इस्पितळं थोडी, बीज देणारे त्याहून थोडे. जायचं तर लवकर जा.

घरी येताना चिहारु गाडीत मागे बसली. दाराशी बूट काढताना म्हणाली, "मला त्या फोटोच्या दिवशी कळ आली ना, तेव्हा मी मनात म्हणत होते, त्याने इतकं अवघड बोलून दाखवलं, मग मी एवढं सोसायला काय झालं." आणि आईच्या खोलीत जाऊन झोपली.

सकाळी फुमिए जावयापुढे भात ठेवत म्हणाली, "तुझ्या सासऱ्यालाही कुणाला नाही म्हणता यायचं नाही. म्हणून तर उधारी बुडाली सगळी." पण लोणचं वाढायचं विसरली नाही.

विमा नाही तर नगरपालिका तरी. तिथल्या बालकल्याणाच्या खिडकीवर मिझुशिमा म्हणून तरुण बाई होती. तिच्या मुलीचं जावळ ताकुमानेच कापलं होतं. तिने त्याला आतल्या खोलीत नेलं, चहा आणला, ऐकून घेतलं. ऐकताना तिचा चहा गार झाला.

"आमचे पैसे विम्याच्या मागून जातात," ती म्हणाली. "विमा नाही तर आम्हीही नाही. बीज नसलेला कुठलाही नवरा आला असता तरी मला हेच सांगावं लागलं असतं, खरंच."

"त्यांना कुणी काढायला लावलं नव्हतं," ताकुमा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला सरकारने सांगितलं, काढ, मग पुरुष म्हणू. मी काढलं. आता तेच सरकार म्हणतंय, मुलं होऊ द्या."

मिझुशिमाने गार चहा बाजूला सारला. मग म्हणाली, "हे असंच्या असं वर मांडता येईल, खास बाब म्हणून. पण मग हे सांगावंच लागेल. नाव घालणार नाही मी. पण मास्टर, आपलं गाव ते केवढं..."

"वर म्हणजे कोण?"

"आमचे साहेब, नाकादातेसान. मग समितीतले चौघं."

नाकादाते दर शनिवारी दाढीला यायचा. समितीतले दोघं महिन्याला केस कापायला यायचे.

त्या रात्री चिहारु बऱ्याच दिवसांनी त्याच्याशेजारी येऊन बसली. "माझं देणं फेडायचं म्हणून सांगणार असशील तर नको सांगू," ती म्हणाली.

"थोडं त्यासाठीही आहे."

"आणि बाकीचं?"

"मूल हवंय," ताकुमा म्हणाला. "मलाही हवंय, चिहारु. हे मी तुला कधी धड बोललोच नाही. तुझ्या इच्छेला हो म्हणत राहिलो."

तिने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने मिझुशिमाला सांगितलं, मांडा.

उत्तर यायला भात पिकून गेला. त्याआधी एका पावसाळी दुपारी सलूनमधल्या टीव्हीवर बातमी लागली, की देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने जुना कायदा मोडीत काढला. नोंद बदलायला शरीर कापून घ्यायची सक्ती करता येणार नाही.

"म्हणजे इतकी वर्षं कापायला लावत होते?" बाकावरून ओइकावा म्हणाला. "माणसं आहेत का मांजरं?"

"आणि उद्या सार्वजनिक हमामात कोण कुठल्या बाजूला शिरेल, त्याचं काय?" दुसरा म्हणाला.

"तुझ्या बाजूला कोण कशाला शिरतंय? तुझं ते पोट बघायला?"

हसले सगळे. ताकुमाने वस्तरा पुसून ठेवला आणि आत गेला. चिहारु तिथेच उभी होती, टीव्हीचा आवाज तिच्यापर्यंत आलेलाच होता. तिने गरम टॉवेल त्याच्या हातांत दिला. त्याने तो तोंडावर दाबून धरला, आणि त्याच्या आतूनच म्हणाला, "तेव्हा थोडे महिने थांबलो असतो..."

"तर बाबांना लग्न दिसलं नसतं," चिहारु म्हणाली. "तेव्हाचं मी माझ्या अंगावर घेते. ते आपल्या दोघांचं." हिवाळ्यातलं खोटं मात्र तिने त्यात धरलं नाही.

गावात कसं पसरलं कोण जाणे. कुणी वाईट बोललं नाही. गिऱ्हाइकं तुटली नाहीत, एखाददुसरं सोडून. पण 'मास्टर'चं औपचारिक 'हिराइवासान' झालं. खुर्चीत टेकल्यावर माणसं उगाच हवापाण्यावर जास्त बोलायला लागली. ओइकावाला झोप येईना. टॉवेल काढला की त्याचे डोळे टक्क उघडे असत, आणि नजरानजर झाली की तो घाईने छताकडे बघे.

नाकादाते शनिवार सोडून एका मंगळवारी सकाळी आला. खुर्चीत बसला, गळ्याला कापड बांधून घेतलं, आणि फेस लावायच्या आधीच म्हणाला, "नाही झालं. मी पत्र पाठवणार होतो, मग म्हटलं स्वतः जावं. एकासाठी नियम वाकवला तर सगळ्यांसाठी वाकवावा लागेल, असं समितीचं मत पडलं. मला वैयक्तिक विचाराल तर..."

"तोंड मिटा," ताकुमा म्हणाला. "ओठाला लागेल."

नाकादातेने तोंड मिटलं. ताकुमाने नेहमीसारखी, कानामागपर्यंत, नीट दाढी केली. तो गेल्यावर फुमिए जिन्यावरून म्हणाली, "पाइनच्या रानाकडचा तो जमिनीचा तुकडा विका. मी मेल्यावर काय त्यात लोणचं घालायचंय? फोन करा मोठ्या शहरातल्या त्या इस्पितळाला."

फोन या वेळी चिहारुने केला, ताकुमा शेजारी उभा राहिला. पलीकडची बाई बोलायला चांगली होती. तिने वय विचारलं, वाढदिवस कधी ते विचारलं. मग म्हणाली, देणारेच मिळेनासे झालेत, नव्या जोडप्यांची नावं आता वसंतापर्यंत घेत नाही. आणि वसंतापर्यंत तुम्हाला त्रेचाळीस पूर्ण झालेली असतील. आमच्याकडेही तीच मर्यादा आहे, माफ करा. दुसरीकडे विचारू शकता, पण सगळीकडे साधारण हेच. "मागच्या हिवाळ्यात केला असतात ना फोन," ती मनापासून हळहळली, "तर तेव्हा जागा होती हो."

चिहारुने आभार मानले, समोर कुणी नसताना वाकून नमस्कार केला आणि फोन ठेवला.

ताकुमा जमिनीवर बसला, गुडघे मोडून, कपाळ चटईला टेकवून. मागच्या हिवाळ्यात त्याच्या हातात फोन होता. पलीकडून एक मोकळा आवाज "बोला" म्हणत होता. तो रडत होता, पण आवाज काढत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

चिहारुने वाकून त्याला काखेत धरून उठवलं. वजनदार पोतं उचलावं तसं, दमत.

"आता थांबू या," ती म्हणाली.

"चिहारु, मी..."

"माफी मागू नकोस. मागितलीस की मला 'असू दे' म्हणावं लागतं, आणि मला ते इतक्यात म्हणायचं नाही. मी सोडून जात नाहीये तुला. जेवायला करीन, टॉवेल धुवीन, तुझ्याशेजारी झोपेन. पण मला रागावू दे. नीट, पोटभर."

"किती दिवस?"

"ते माझं मी ठरवीन," चिहारु म्हणाली.

खाली सलूनचं दार वाजलं. कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. चिहारुने पदराने नाक पुसावं तसं एप्रनच्या टोकाने नाक पुसलं, ताकुमाची कॉलर सारखी केली, जरा जोरातच, आणि त्याच्या आधी जिना उतरून गेली.